लाइव्हला गाणं पळतं, म्हणजे बँड कच्चा?

आयर्न मेडनवरच्या गप्पा ऐकून अंबरनाथच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली: "भावा, अल्बमवर एकदम टाइट, पण लाइव्हला गाणी पळतात. मग कसले वादक?" प्रश्न चांगलाय. उत्तर मात्र 'तुला मेटल कळत नाही' एवढ्यावर संपत नाही.

पुरावा आपल्याच गावाजवळ आहे. १ फेब्रुवारी २००८ ला मेडनने 'समव्हेअर बॅक इन टाइम' ही वर्ल्ड टूर सुरू केली ती मुंबईत, बीकेसीला. त्या रात्रीचं 'एसेस हाय' 'फ्लाइट ६६६' या लाइव्ह अल्बमच्या सुरुवातीलाच आहे. आधी १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह'वरचं मूळ गाणं ऐका, लगेच हे लावा.

आता तांत्रिक भाग. बरेच मेटल बँड स्टेजवर क्लिक ट्रॅक वापरतात. म्हणजे ड्रमरच्या कानात सतत टिक-टिक चालू, आणि लय त्याला बांधलेली. की-बोर्ड, कोरस वगैरे आधीच रेकॉर्ड केलेलं वाजवायचं असेल तर हे लागतंच. त्यात लबाडी नाही. पण मेडन क्लिकवर वाजवत नाहीत. त्यांचा की-बोर्डसुद्धा स्टेजमागे माणूसच वाजवायचा: मायकेल केनी, बेसिस्ट स्टीव्ह हॅरिसचा टेक्निशियन!

ढोल-ताशा पथक आठवा. वेग ताशा ठरवतो. मिरवणूक रंगात आली की लय चढते, त्याला कोणी चूक म्हणत नाही. चूक कधी? ताशा पुढे गेला आणि ढोल मागे राहिले तर. मेटलचंही तसंच. लय बदलली का, यापेक्षा सगळे एकत्र बदलले का, हे ऐकायचं. हॅरिसची बोटं घोड्याच्या टापांसारखा ठेका धरतात, त्याच्याखाली निको मॅकब्रेनचा बास ड्रम. हे दोघं सुटले तर तीन-तीन गिटारही झाकू शकत नाहीत.

आणि निको बहुतेक सगळं एकाच पेडलवर वाजवायचा, तेही अनवाणी. मेटलमध्ये डबल पेडल इतकं कॉमन आहे की नवीन पोरांना हे खरं वाटत नाही. म्हणजे भार सगळा उजव्या पायावर.

जानेवारी २०२३ मध्ये त्याला स्ट्रोक आला आणि उजवी बाजूच लुळी पडली. त्याच वर्षी मे महिन्यात तो टूरवर परत आला. 'द ट्रूपर'मधले जलद फिल पूर्वीसारखे जमत नाहीत, म्हणून ते बदलून वाजवतोय, हे त्याने स्वतःच सांगितलं. 'निको आता संपला' म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. फिल बदलला, पण ठेका? क्लिक नाही, म्हणजे अख्ख्या बँडची लय तेव्हाही त्याच्याच हातापायांवर होती. सरळ सांगायचं तर टेस्टिंगचा सर्व्हर नाही, रोज थेट प्रॉडक्शन.

७ डिसेंबर २०२४ ला साओ पावलोत तो बँडसोबतचा शेवटचा टूर-शो वाजवून थांबला. मे २०२५ पासून ड्रमवर सायमन डॉसन आहे, हॅरिसच्या 'ब्रिटिश लायन'मधला. आता वाद त्याच्यावर होणार, होऊ दे. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून निकाल देऊ नका, त्यात बास ड्रम धड ऐकूच येत नाही. इअरफोन लावा.

मुंबईच्या त्या रात्री 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'ही वाजलं होतं. स्टुडिओतलं तेरा मिनिटांच्या वर आहे: अंबरनाथला लावलं तर कल्याण येईपर्यंत पुरतं. मधे सगळं शांत होतं, लय जवळजवळ विरते. तिथून परत उचलताना पाचही वाद्यं एकत्र कशी येतात, तेवढं ऐका आणि मला कळवा.