समारंभ-व्यवस्थापनातील नोकरी : लाभ, हानी आणि विवेक

दि. 19 व 20 मार्च 1927 रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेविषयी शिकविताना मी एक तपशील आवर्जून सांगतो. परिषदेस आलेल्या लोकांसाठी 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. ज्या गावी तळ्याचे पाणी नाकारले जात होते, तेथे हजारोंच्या पाण्याची तजवीज आपल्याच कार्यकर्त्यांनी केली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे लाखोंचा सोहळाही कार्यकर्त्यांच्याच बळावर पार पडला. मेळावा उभा करण्याची विद्या आपल्या समाजास नवीन नाही. आता मात्र तिचा मोठा व्यवसाय झाला आहे आणि आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली काही मुले त्यात पोट भरीत आहेत.

अशाच एका माजी विद्यार्थ्याचा गेल्या दिवाळीत दूरध्वनी आला. बी. ए.चे दुसरे वर्ष अर्धवट सोडून तो तीन वर्षे मुंबईत इव्हेंटच्या कामावर रोजंदारी करीत होता. "सर, मोठ्या कंपनीत कायम करतो म्हणतात, पण सीझनमध्ये हातात येणारे पैसे कमी होतील. जाऊ का?" त्याचा प्रश्न अनेकांचा असल्याने त्याचे उत्तर येथे मांडतो.

प्रथम हिशेब पाहू. हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी. दररोज 1,500 रुपये व महिन्याला 22 दिवस काम धरल्यास पाच महिन्यांत 1,65,000 रुपये होतात. उरलेल्या सात महिन्यांत, विशेषतः पावसाळ्यात, महिन्याला सहा दिवस काम मिळाले तर 63,000 रुपये. वर्षाचे 2,28,000, म्हणजे सरासरी महिना 19,000. कंपनी 20,000 देत होती. हंगामातले 33,000 डोळ्यांत भरतात, रिकामा आषाढ विसरला जातो. शिवाय 12,000 रुपये मूळ वेतन व महागाई भत्ता धरल्यास त्याच्या 12 टक्के वर्गणीइतकेच, म्हणजे 1,440 रुपये, मालकाकडूनही भरले जातात. वेतन 21,000 रुपयांच्या आत असल्याने कर्मचारी राज्य विम्याखाली कुटुंबाच्या उपचाराचीही सोय होते.

दुसरा लाभ शिक्षणाचा. मोठ्या कंपनीत संकल्पना, ग्राहकसंपर्क, निर्मिती, वाहतूक, कलावंतांची व्यवस्था आणि लेखा असे स्वतंत्र विभाग असतात. पोलीस, अग्निशमन दल व महापालिका यांच्या परवानग्या, रात्री दहानंतरचे ध्वनिनिर्बंध, गर्दीच्या बाहेर पडण्याच्या वाटा, जनरेटरचा भार यांचे नियोजन कागदावर कसे होते, हे तेथे पाहावयास मिळते.

हानीही तितकीच खरी आहे. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री झोप नसते. सण-समारंभ इतरांचे असतात. एका विभागात अडकलेला माणूस पाच वर्षे पाहुण्यांची यादीच सांभाळीत बसू शकतो. इंग्रजी संभाषण आणि ओळखीपाळखी यांवर बढती अडते. 2020 साली टाळेबंदी आली तेव्हा सर्वप्रथम मांडव बंद झाले, हेही विसरता येत नाही.

सर्वांत गंभीर बाब निराळी आहे. कंपनी मोठी असली तरी तिच्या पटावर माणसे थोडी असतात. ट्रस चढविणारे, वायरी ओढणारे, पहाटे मैदान झाडणारे बहुधा ठेकेदाराचे असतात. वॉकी-टॉकी कोणाच्या हाती आणि झाडू कोणाच्या हाती, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने डोळसपणे पाहावे. याच मुलाचा एक सोबती सुरक्षा-पट्ट्याविना वर चढला आणि पडला. ठेकेदाराने हात झटकले, कारण त्याचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी 1946 ची दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली. त्या वारशाच्या मुलांनी नियुक्तिपत्रावाचून राबावे, हे शोभत नाही.

म्हणून मी त्याला सांगितले : जा, पण पारखून जा. नियुक्तिपत्र कंपनीचे आहे की ठेकेदाराचे, ते वाच. भविष्यनिर्वाह निधीचा खातेक्रमांक माग. उंचीवर पट्ट्याशिवाय चढू नकोस. तीन वर्षांत दोन तरी विभागांचे काम शीक. पावसाळ्यातील सवडीत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण कर. पदवीवाचून तुला झाडूवाल्यांच्या रांगेतून वॉकी-टॉकीवाल्यांच्या रांगेत कोणी सहज येऊ देणार नाही. ज्यांना रोजंदारीच करावयाची आहे त्यांनी सिगालोवाद सुत्तातील उपदेश ध्यानी घ्यावा : उत्पन्नाचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक आपत्काळासाठी. हंगामी कमाईला याहून चांगला नियम मला माहीत नाही.

तो रुजू झाला. पदवीच्या परीक्षेचा अर्ज भरल्याचे त्याने कळविले, तेव्हा मला नोकरीच्या वार्तेहून अधिक आनंद झाला. आणखी एक गोष्ट त्याला सांगावयाची राहिली होती, ती येथे सांगतो. उद्या त्याच्या हाती वॉकी-टॉकी येईल, तेव्हा वर चढणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव कागदावर आहे की नाही, हे त्याने आधी पाहावे.

जय भीम! नमो बुद्धाय!