मिसरचा तबला: मातीपासून ॲल्युमिनियमपर्यंत

तबला म्हटले की आपल्याला डग्ग्यासह बैठक मारलेला उस्ताद आठवतो. मिसर देशात (इजिप्तला आम्ही जुन्या सवयीने मिसरच म्हणतो) तबला म्हणजे मांडीवर आडवा ठेवून, बगलेत धरून वाजवायचे पेल्याच्या आकाराचे एकच वाद्य. इतर अरब मुलखांत त्याला दरबुका म्हणतात. नाचगाणे जायज की नाजायज, हा उलेमांचा प्रांत. त्यात आम्ही शिरत नाही. आमची नजर आहे ती त्यावर पोट भरणाऱ्या कारागिरांवर.

जुना तबला भाजलेल्या मातीचा, त्यावर माशाचे किंवा बकऱ्याचे कातडे. आवाज गोड, पण दोन खोडी. हवेत ओल आली की कातडे सैल पडते, मग वाजवणाऱ्याने ते शेकत बसावे. आणि हातातून सुटला की ठिकऱ्या. पुढे ओतीव ॲल्युमिनियमचे अंग आणि प्लॅस्टिकचा पडदा आला, बाहेरून शिंपल्याची जडावट. वाद्य फुटेना, पडदा सैल होईना. परदेशी पाठवणेही सोपे झाले. कुंभाराचे काम घटले, ओतारी आणि जडावकाम करणाऱ्याचे वाढले. आमच्या मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना हे काय सांगावे! हातमागानंतर पॉवरलूम आला तेव्हा आपणही असाच हिशेब मांडला होता. जाणकार मात्र अजून मातीचाच आवाज शोधतात.

शिकवणी तोंडीच. मधल्या थापेला ‘दुम’, कडेच्या बोटाला ‘तक’. ‘दुम तक तक दुम तक’ हा मकसूम ताल. यातला दुसरा ‘तक’ काढून तिथे ‘दुम’ घातला की झाला सईदी, म्हणजे दक्षिण मिसरचा ताल. कैरोतील मुहम्मद अली रस्ता खेदिव इस्माईलच्या काळात, 1870 च्या दशकात झाला. वादक, नाचणाऱ्या बाया आणि वाद्ये बनवणारे यांची ती जुनी पेठ. बापाचा हुनर मुलाकडे, उस्तादाचा शागिर्दाकडे, असा तिथला रिवाज.

पण या पेशाला इज्जत नव्हती. ती मिळवण्याचा मोठा प्रयत्न महमूद रिदा यांनी केला. हे गृहस्थ मुळात कसरतपटू, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये उतरलेले. 1959 मध्ये भाऊ अली आणि फरीदा फहमी यांच्यासह त्यांनी लोकनृत्याचे पथक काढले. फरीदा इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाची मुलगी. अशा घरची मुलगी मंचावर आली, यानेच निम्मे काम केले, असे आम्हांला वाटते. 1961 मध्ये पथक सरकारी झाले. रिदांनी खेड्यांत फिरून नाच पाहिले, पण जसेच्या तसे न उचलता मंचासाठी नव्याने बसवले. 2020 मध्ये ते वारले. त्यांच्या पथकातून आलेल्या रकिया हसन यांनी पुढे ‘अहलन व सहलन’ हा महोत्सव सुरू केला. परदेशी शागिर्द असे शिकायला कैरोला आले की फी देतात आणि जाताना तबला, कपडेही विकत नेतात.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. तनूरा नाचात पुरुष रंगीत तुकडे जोडलेले जड घागरे एकावर एक नेसतो आणि गिरकी घेता घेता वरचा सोडून डोक्यावर फिरवतो. सईदच्या लाठीच्या खेळाला, तहतीबला, 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. त्याच सईदचे हाताचे विणकाम 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, पण तातडीने जपण्याच्या. खेळाची कदर झाली, विणकर मात्र धोक्यात!

कैरोत बाब जुवैलाजवळ खय्यामियाची छत असलेली पेठ आहे. खैमा म्हणजे आपला खेमा, तंबू. तंबूच्या कापडावर रंगीत कापडाचे तुकडे हाताने टाचून नक्षी करायची, हे तिथले काम. रमजानात गल्लोगल्ली तशीच नक्षी छापलेले स्वस्त कापड लागते आणि गिऱ्हाईक तेच उचलते. लांबून फरक कळत नाही. कापड उलटून पाहावे: हाताच्या कामाचे टाके पाठीवर दिसतात, छापील मालाच्या पाठीवर एकही टाका नसतो.