इंग्रजीतील क्रियापद आणि विशेषण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कृती दाखवणारा शब्द क्रियापद आणि गुण सांगणारा शब्द विशेषण, ही शालेय व्याख्या मनात इतकी पक्की बसते की तिच्या मर्यादा सहसा ध्यानात येत नाहीत. वस्तुतः 'नो' (जाणणे) किंवा 'रिझेम्बल' (सारखे दिसणे) या क्रियापदांत कोणतीही कृती घडत नाही. शब्दाची जात अर्थावरून ठरवण्याच्या सवयीमुळेच मराठी भाषकाकडून 'आय ॲम अग्री' असे चुकीचे वाक्य तयार होते. 'मी सहमत आहे' यातील 'सहमत' हे विशेषण असल्याने त्याला 'आहे'ची जोड लागते, परंतु 'अग्री' हे मुळातच क्रियापद असल्याने 'आय अग्री' एवढेच पुरते.

याहून चिवट गैरसमज असा की, 'इंग' किंवा 'एड' हा प्रत्यय दिसला की तो शब्द क्रियापदच असतो. 'टॅलेंटेड' या शब्दामागे तर क्रियापदच नाही. 'टॅलेंट' या नामालाच तेथे प्रत्यय लागला आहे. 'द स्टोरी इज अम्यूझिंग' आणि 'द क्लाउन इज अम्यूझिंग द चिल्ड्रन' या वाक्यांत शब्द एकच असला, तरी पहिल्यात त्याच्याआधी 'व्हेरी' लावता येते, म्हणून तो विशेषण ठरतो, तर दुसऱ्यात त्याने 'द चिल्ड्रन' हे कर्म घेतल्यामुळे 'व्हेरी'ला जागा उरत नाही आणि तो क्रियापदाचा भाग ठरतो. ही कसोटी उपयुक्त असली तरी एकतर्फी आहे, कारण 'मेडिकल'सारख्या, ज्यांत कमी-अधिक असा भेद संभवत नाही अशा निःसंशय विशेषणांनाही 'व्हेरी' लागत नाही. नकारदर्शक 'अन' हा उपसर्गही कधीकधी निर्णायक पुरावा देतो: 'अनओपन' असे क्रियापद इंग्रजीत नसल्याने 'अनओपन्ड' हे विशेषणच असते, 'अनलॉक्ड'बाबत मात्र असे म्हणता येत नाही, कारण 'अनलॉक' (कुलूप उघडणे) हे क्रियापद अस्तित्वात आहे.

या दोन जाती पहिल्यापासून काटेकोरपणे वेगळ्या मानल्या गेल्या, हीही समजूत खरी नाही. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन ग्रीक व्याकरणात विशेषण हा नामाचाच पोटभेद होता, तर धातुसाधिताला, म्हणजे क्रियापदापासून बनून नामासारख्या विभक्ती घेणाऱ्या रूपाला, स्वतंत्र जात मिळाली होती. लिंडली मरे यांच्या 1795 मधील इंग्रजी व्याकरणात मात्र विशेषण स्वतंत्र आहे आणि धातुसाधित क्रियापदाच्या प्रकरणात गेले आहे. सीमेवरचा प्रदेश कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे मिटला असे नव्हे.

'द शॉप वॉज क्लोज्ड ॲट नाइन' या वाक्याने नऊ वाजता दुकान बंद करण्यात आले असेही कळते आणि नऊ वाजता ते बंद अवस्थेत होते असेही. पहिल्या अर्थी 'क्लोज्ड' हे कर्मणी प्रयोगातील क्रियापद आहे, दुसऱ्या अर्थी विशेषण. शेवटी 'बाय द ओनर' जोडले की पहिला अर्थ उरतो, आणि 'क्लोज्ड'आधी 'स्टिल' घातले की दुसरा.