कापडाच्या नावांची साक्ष

डंगरी, जीन, कॅलिको, मस्लिन, सॅटिन. इंग्रजीतील कापडांची ही नावे आपल्याकडच्या दुकानांतही ऐकू येतात. त्यांपैकी बरीच नावे मुळात गावांची आहेत. मग ते कापड त्या गावी विणले जात असेल, असे आपण सहज धरून चालतो. हा अंदाज नेहमीच खरा ठरतो का?

‘डंगरी’ हा शब्द आपल्या मुंबईचा आहे. डोंगरी भागाच्या नावाने ओळखले जाणारे जाडेभरडे सुती कापड सतराव्या शतकातील व्यापारी कागदपत्रांत आढळते. ते टिकाऊ आणि स्वस्त असे. पुढे कामगारांचे कपडे त्याचे होऊ लागले आणि कापडाचे नाव कपड्याला मिळाले.

‘कॅलिको’ हे नाव केरळातील कालिकत, म्हणजे आजचे कोळिकोड, या बंदरावरून पडले. पण कॅलिको म्हणून युरोपात विकले जाणारे बरेचसे कापड गुजरातेत आणि कोरोमंडल किनाऱ्यावर विणलेले असे. ‘मस्लिन’चे नाव इराकमधील मोसुल शहरावरून आले, तलम मलमलीसाठी मात्र जगभर नाव होते ते ढाक्याचे. ‘सॅटिन’चा उगम चीनमधील च्वानचौ बंदराच्या ‘जैतून’ या अरबी नावात सांगतात. थोडक्यात, गिऱ्हाइकाला कापड ज्या बंदरातून किंवा बाजारपेठेतून मिळे, तिचे नाव त्याला चिकटे. विणकर कुठला, हे त्या नावावरून कळेलच असे नाही.

‘चिंट्झ’ची गंमत निराळी. आपण ज्याला चीट म्हणतो, हिंदीत ज्याला छींट म्हणतात, तेच हे छापील सुती कापड. इंग्रजांनी त्याचे अनेकवचन ‘चिंट्स’ असे केले. वापरता वापरता हे अनेकवचन आहे याचा विसर पडला आणि तेच एकवचन होऊन बसले.

हे कापड इंग्लंडमध्ये इतके खपू लागले, की तिथल्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांचा धंदा धोक्यात आला. त्यांनी ओरड केली. इ. स. १७०० मध्ये कायदा करून आशियातील छापील सुती कापड देशात वापरासाठी आणण्यास बंदी घालण्यात आली. १७२१ मध्ये बहुतेक छापील सुती कापडाच्या वापरावरच बंदी आली. ती १७७४ मध्ये उठली. तोवर इंग्लंडमध्ये यंत्रावरील सूतकताई सुरू झाली होती. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्यांचे कापड हिंदुस्थानात येऊ लागले आणि इथल्या असंख्य हातमागांचे काम गेले. ‘कॅलिको’ हे नाव मात्र टिकले. ते आता गिरणीच्या कापडालाही लागले होते.

युरोपातील गावांची नावेही अशीच कापडात शिरली आहेत. इटलीतील जिनोआ शहराच्या फ्रेंच नावावरून ‘जीन’ आले. ‘डेनिम’ हे ‘नीमचे सर्ज’ अशा अर्थाच्या फ्रेंच नावातून आल्याचे मानले जाते. नीम हे दक्षिण फ्रान्समधील शहर.

काही वेळा मात्र गावाचे नाव मागाहून येऊन बसते. ‘ट्वीड’ हे लोकरी कापड ट्वीड नदीवरून ओळखले जाते, असे वाटणे साहजिक आहे. पण मूळ शब्द ‘ट्वील’, म्हणजे तिरप्या विणीचे कापड. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो चुकून ‘ट्वीड’ असा वाचला गेला आणि नदीच्या नावामुळे ती चूक पक्की झाली, असे कोशकार मानतात. १९३८ मध्ये जाहीर झालेल्या ‘नायलॉन’चे नाव न्यूयॉर्क आणि लंडन यांपासून बनले, ही गोष्टही पुष्कळजण सांगतात. तिला आधार नाही. ते कंपनीने बनवलेले नाव आहे आणि त्याचा शेवट कॉटन, रेयॉन यांच्याशी जुळणारा आहे.

म्हणजे नाव हा साक्षीदार आहे, पण त्याची साक्ष तपासून घ्यावी लागते. शब्द प्रथम कुठे लिहिलेला सापडतो, त्याची जुनी रूपे कोणती, ते कापड त्या काळी कुठून येत होते, हे पाहिल्यावरच निर्णय करता येतो. केवळ उच्चार जुळतो म्हणून भागत नाही.

वर्गात हे करून पाहता येईल. विद्यार्थ्यांना कापडांची आणि कपड्यांची दहा-बारा नावे जमवायला सांगा. ती गावावरून, व्यक्तीवरून, विणीवरून की वापरावरून पडली, याचा प्रत्येकाने आधी अंदाज लिहावा आणि मग शब्दकोश उघडावा. सुरुवात घरच्याच शब्दापासून करा: मांजरपाटाचा मांजराशी काही संबंध आहे का?