पाणी किती द्यावे?

आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना दोन मूत्रपिंडे असतात. त्यांचा आकार घेवड्याच्या बीसारखा. ती रक्त गाळतात. रक्तातली घाण आणि जास्तीचे पाणी लघवीवाटे बाहेर टाकतात.

मुलाला जुलाब-वांत्या झाल्या की अंगातले पाणी जाते. मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळत नाही. लघवी कमी होते, कधी बंदच होते. घाण अंगात राहते. म्हणून पहिल्या जुलाबापासूनच मुलाला जलसंजीवनी पाजावी. अंगावरचे दूध तोडू नये. मूल सहा तास लघवीला गेले नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडले, तर वाट पाहू नये. लगेच दवाखाना गाठावा. तिथे सलाईन लावून पाणी लवकर भरून काढतात.

मग आपल्याला वाटते, एका सलाईनने गुण आला, तर दोन बाटल्यांनी जास्त येईल. आपण डॉक्टरांच्या मागे लागतो. पण रोपाचे कसे असते? पाणी तुटले तर ते सुकते. वाफ्यात पाणी साचले तर मुळे कुजतात. मुलाचेही तसेच. मूत्रपिंडे दुखावली असली, तर जास्तीचे पाणी बाहेर पडत नाही. अंगावर सूज येते. फुप्फुसांत पाणी साचते. मुलाला धाप लागते.

युगांडा, केनिया आणि टांझानिया या देशांत ३१४१ आजारी मुलांची पाहणी झाली. ती २०११ साली छापून आली. या मुलांना जुलाब नव्हते. मोठा ताप होता आणि हातपाय गार पडत होते. ज्यांना भराभर सलाईन दिले, त्यांच्यात दोन दिवसांत शंभरी दहा-अकरा मुले दगावली. ज्यांना तसे दिले नाही, त्यांच्यात सात दगावली. म्हणजे आजार पाहूनच पाणी द्यावे लागते.

म्हणून दवाखान्यात मोजमाप ठेवतात. दहा किलोच्या मुलाला तासाला साधारण दोन लहान चमचे लघवी व्हावी. ती निम्म्याहून कमी झाली, की डॉक्टर सावध होतात. रोज वजनही करतात. दोन दिवसांत किलोभर वजन वाढले, तर ते बाळसे नव्हे, साचलेले पाणी. मग पाणी कमी करतात, औषध देतात. फारच अडले तर यंत्राने रक्त गाळतात.

आपणही हात लावू या. मुलाने किती पाणी प्यायले, किती वेळा लघवी केली, हे नर्सबाईंना सांगावे. ओले लंगोट दाखवल्याशिवाय टाकू नये. आजीने मायेपोटी चोरून पाणी पाजू नये. आणि सलाईनसाठी हट्ट धरू नये. हिशेबाने दिलेले पाणीच मुलाला तारते.