बांधावरचं तोरण, माळावरचं मखर

सोलापूरच्या माळाला रूक्ष म्हणणाऱ्यांनी भाद्रपद सरता सरता एकदा शहराबाहेर चक्कर मारावी. बांधाबांधाला तरवड पिवळाधमक फुललेला असतो. तुरीच्या ओळींतून कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे डोकं वर काढतात. कारळ्याची फुलं नुकती उमलायला लागलेली असतात. दुकानात पाऊल न टाकता घर सजवायचं असेल तर यासारखे दिवस नाहीत, आणि इथल्या सणांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

फुलांचा मनोरा

सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू भाषक पद्मशाली समाजाच्या वस्तीत, भाद्रपद अमावास्येपासून बतुकम्मा सुरू होते. नऊ दिवसांच्या या सणात मूर्ती घडवायची असते ती फुलांची. ताटात भोपळ्याची पानं अंथरायची, त्यावर फुलांचे गोल थर एकावर एक चढवत न्यायचे आणि शेंड्यावर हळदीची गौरी बसवायची. देठ आतल्या बाजूला आणि फुलं बाहेर, ही यातली खरी कारागिरी. मधल्या पोकळीत पाला, मोडकी फुलं, तोडलेले देठ ठासून भरतात. घरातली थोरली बाई हमखास बजावते, "तळ घट्ट भर गं, नाहीतर शेंडा कलंडेल." हे झालं की बायका अंगणात त्याभोवती फेर धरतात आणि शेवटी मनोरा पाण्यात सोडतात. सहाव्या दिवशी देवी रुसलेली असते, म्हणून त्या दिवशी नैवेद्य नसतो!

या मनोऱ्याची दोन मुख्य फुलं म्हणजे तरवड आणि कुरडू. तरवडाला तेलुगूत तंगेडू म्हणतात. तेलंगणाने 2014 मध्ये त्याला राज्यफुलाचा मान दिला. आपल्याकडे हेच झुडूप रस्त्याकडेला शेळ्यामेंढ्यांच्या वाटेत मुकाट उभं असतं. त्याच्या सालीत टॅनिन भरपूर, त्यामुळे कातडी कमावायला ती पिढ्यानपिढ्या वापरली गेली.

कुरडूची गंमत आणखी वेगळी. शेतकऱ्याला ते तण, कोवळं असताना त्याची भाजी, आणि सणाला ते फूल. त्याच्या पाकळ्या मुळातच कागदासारख्या कोरड्या असतात. म्हणून तोडल्यावरही तुरा मान टाकत नाही, आकार धरून राहतो. पांढरे तुरे रंगात बुडवून लाल-जांभळेही करतात. पूर्व भागातल्या कितीतरी बायका वर्षभर विड्या वळतात. पान भिजवायचं, मापात कापायचं, तंबाखू भरून घट्ट वळायचं, दोऱ्याने बांधायचं. त्याच सरावलेल्या बोटांनी नवरात्रात हे थर रचले जातात. मला विचाराल तर सोलापूरची सगळ्यात देखणी हस्तकला हीच, आणि ती एका दिवसापुरती घडवली जाते.

पाहुणी फुलं

नवरात्रात घटावर कारळ्याच्या फुलांची माळ सोडतात. ज्याची चटणी आपण भाकरीशी खातो तेच हे कारळं, सूर्यफुलाच्या कुळातलं, मूळचं इथिओपियाच्या डोंगराळ भागातलं. तिकडचं नवं वर्ष सप्टेंबरात येतं. तेव्हा मुली रानातल्या पिवळ्या फुलांचे गुच्छ घेऊन दारोदार जातात. फूल वेगळं, पण कूळ तेच!

झेंडू तर थेट मेक्सिकोचा. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पूर्वजांच्या स्मरणासाठी घरं आणि थडगी याच फुलांनी सजतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो इतका मुरलाय की परका म्हणवत नाही.

घट पेरायला मात्र सगळं घरचं लागतं. पत्रावळीवर शेतातली काळी माती, त्यात धान्य, मधोमध घट. नऊ दिवसांत उगवून येणारे कोंब हिरवे नसून पिवळट का दिसतात? देवघरात ऊन पोचत नाही. हरितद्रव्य तयार होत नाही आणि रोप उजेडाच्या शोधात भराभर उंच होतं. दसऱ्याला हेच कोंब टोपीत, फेट्यात खोवून पुरुषमाणसं सीमोल्लंघनाला निघतात.

दोन भाऊ एका पानावर

आपट्याच्या झाडाचं शास्त्रीय नाव बौहिनिया. स्वित्झर्लंडमधल्या जाँ आणि गास्पार बोअँ या वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून ते ठेवलं. पानाचे दोन सारखे भाग म्हणजे हे दोन भाऊ! दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून कांचनाचं पानही खपवलं जातं. ओळखायला सोपं आहे: कांचनाचं पान मोठं आणि मधली खाच खोल, तर आपट्याचं लहान, लांबीपेक्षा रुंदी जास्त. आपट्याचीही पानं विडीसाठी वापरली जातात, तेव्हा सोलापूरशी त्याचं दुहेरी नातं. फक्त फांद्या ओरबाडू नयेत. चार पानांनी शकुन होतो, त्यासाठी अख्खी फांदी कशाला?

अंगणातल्या गवळणी

दिवाळीत जिल्ह्यातल्या गावांत अंगणात शेणाच्या गवळणी आणि पांडव मांडतात. चिमूटभर शेणाचे छोटे छोटे गोळे, त्यांना हाताने आकार दिलेला आणि डोक्यावर कुरडूचा तुरा नाहीतर झेंडूची पाकळी. बघता बघता गोकुळ उभं राहतं. वाळल्यावर त्यांच्या गोवऱ्या होतात. यातलं काहीच वाया जात नाही.

ज्वारीचं घर

मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राज्यभर पेरलं जाणारं मालदांडी वाण मोहोळच्या केंद्रात निवडलं गेलं. एवढा नावलौकिक असलेलं पीक सणापुरतं चक्क घर होतं. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, ज्याला आपण येळवस म्हणतो, लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत रानात ज्वारीच्या ताटांची कोप उभी करतात. पेंढ्या गोलाकार उभ्या करून शेंडे एकत्र बांधले की झालं देऊळ. आत पाच दगड मांडायचे, ते पांडव. मग आंबील, भज्जी, उंडे आणि खीर यांचा नैवेद्य. संध्याकाळी पेटती पेंढी घेऊन रानाला फेरी. इतकं साधं, इतकं हलकं आणि इतकं चपखल मखर मी दुसरं पाहिलेलं नाही. शहरात त्या दिवशी गल्ल्या रिकाम्या आणि शेतं भरलेली!

लगोलग संक्रांत आणि सिद्धेश्वरांची यात्रा. बाशिंग बांधलेले सात नंदीध्वज सगळे बघतात. होमाच्या वेळी मात्र पेंढीकडे बघा. ताटांची साधी पेंढी, पण तिला साडी नेसवून नवरीसारखं सजवतात. सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागलेली कुंभारकन्या ती हीच, आणि तिलाच अग्नी देतात. इंग्लंडच्या खेड्यांत कापणीच्या शेवटच्या पेंढीतून बाहुली विणून हिवाळाभर घरात टांगत, कारण पिकाचा जीव तिच्यात राहतो अशी समजूत होती. धान्याच्या ताटात माणूस दिसणं हे जगभरचंच.

कणसांचं आणखी एक तोरण खेड्यांत दिसतं: ओसरीच्या तुळईला टांगलेला ज्वारीच्या कणसांचा झुबका. घराला शोभा आणि चिमण्यांना दाणे. महिन्याभरात नुसते बुंधे उरतात. खाल्लं जाणारं तोरण हीच खरी सजावट, असं मी ठामपणे म्हणेन. प्लॅस्टिकची आंब्याची पानं दहा वर्षं टिकतात, पण त्यांच्याकडे एक चिमणीही फिरकत नाही.

वेचायला जाण्याआधी

वेचायचं ते रस्त्याकडेचं, बांधावरचं, आणि शेतमालकाला विचारून. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून काडीही उचलायची नाही. ते गवत म्हणजे पक्ष्यांचं घर. बाभळीला लटकलेला सुगरणीचा खोपा कितीही मोहक दिसला तरी तोडू नका. खोपा नर विणतो, मादी तो पसंत करते, आणि पक्ष्यांच्या घरट्यांना कायद्याचंही संरक्षण आहे. पक्ष्यांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली सोलापुरातच 1932 मध्ये जन्मले, तेही तेलुगू भाषक घरात. वनखात्यात आयुष्य काढलेल्या या लेखकाने पक्षीकोश लिहिला, आणि 2006 चं साहित्य संमेलन सोलापुरात त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरलं. रान न ओरबाडता बघायचं कसं, ते त्यांच्या पुस्तकांतून शिकावं.

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, डोळ्यांना इजा होते. पानांवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर ते पान सोडून द्या, तिचं फुलपाखरू व्हायचं आहे. कुरडू वाळवायचा तर पूर्ण फुललेले तुरे सकाळी दव उडाल्यावर कापा, पानं काढा, पाच-सहा देठांची जुडी बांधा आणि सावलीत उलटी टांगा. उन्हात रंग उडतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत जुडी लवकर वाळते. मग तिच्यात ज्वारीची दोन कणसं खोवली की संक्रांतीपर्यंत दाराची चिंता नाही.