देवमासा : ना देव, ना मासा

नोव्हेंबर २०२३ मधील गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू येऊन वाळूत रुतले. पिल्लू म्हणायचे, पण वजन काही टनांत! गावकरी धावले, वन खात्याचे कर्मचारी व डॉक्टर आले. त्याच्या अंगावर ओली कापडे टाकली, पाणी मारत राहिले. दोन दिवस झटून त्याला पुन्हा समुद्रात नेले. तरीही ते पिल्लू वाचले नाही.

त्या वेळी अनेकांना एक प्रश्न पडला असेल. देवमासा तर हवेत श्वास घेतो. मग माशासारखा तो किनाऱ्यावर का मरतो? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की समुद्रातल्या या प्राण्याचे सारे जीवनच आपल्यापुढे उलगडते.

हा मासा कसा नव्हे?

नावात 'देव' आहे म्हणून तो देव नव्हे आणि 'मासा' आहे म्हणून मासाही नव्हे. तो गाय, कुत्रा किंवा माणूस यांच्यासारखा सस्तन प्राणी आहे. त्याचे रक्त गरम असते. मादी अंडी न घालता पिल्लाला जन्म देते व अंगावरचे दूध पाजते. त्याला माशासारखे कल्ले नसतात, फुप्फुसे असतात. डोक्यावर असलेल्या छिद्रातून तो श्वास घेतो. आपल्या कोकणातील कोळी बांधव ज्याला 'गादा' म्हणतात तो डॉल्फिन याच कुळातला.

मुलांनो, ओळखायची एक सोपी खूण सांगतो. माशाची शेपटी उभी असते व ती डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची व डॉल्फिनची शेपटी आडवी असते आणि ती वर-खाली हलते. चार पायांचा प्राणी दौडताना त्याची पाठ जशी वर-खाली होते, तशीच ही चाल आहे. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या पराच्या आत तर हाताची आणि बोटांची हाडे आजही आहेत!

जमिनीवरून पाण्यात

ही हाडे आली कोठून? सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते. याचा मोठा पुरावा आपल्याच देशात मिळाला. १९७१ साली ए. रंगा राव या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञांनी जम्मू भागातील कालाकोट येथील अवशेषांवरून एका प्राण्याची नोंद केली. त्याचे नाव इंडोहायस. रंगा राव यांनी जमवलेले पुष्कळसे दगड त्यांच्या निधनानंतर घरी तसेच पडून होते. त्यांच्या पत्नीने ते हॅन्स थेविसेन या शास्त्रज्ञांच्या स्वाधीन केले. त्यांच्या प्रयोगशाळेत त्यातील एक कवटी चुकून फुटली आणि कानाजवळचे जे हाड दिसले, ते हुबेहूब देवमाशासारखे निघाले. २००७ साली हे संशोधन जगापुढे आले. मोठ्या मांजराएवढा, बारीक पायांचा, पाण्यात उतरणारा तो प्राणी आजच्या देवमाशाचा नातलग ठरला. एका संशोधकाचे कष्ट त्याच्या माघारी असे फळाला आले.

समुद्रातला संसार

समुद्रात राहायचे आणि श्वास मात्र हवेत घ्यायचा, ही मोठी कसरत आहे. देवमासा प्राणवायू केवळ फुप्फुसांत साठवत नाही, तर रक्तात व स्नायूंतही साठवतो. बुडी मारली की हृदयाचे ठोके मंद होतात आणि रक्त मुख्यतः मेंदू व हृदय यांच्याकडे वळते. त्यामुळे स्पर्म देवमासा तासभर पाण्याखाली राहून हजार मीटरहून खोल जातो व तेथील माकुळ पकडून खातो.

मग झोपेचे काय? डॉल्फिन एका वेळी अर्धाच मेंदू झोपवतो. उरलेला अर्धा जागा राहून श्वास व शत्रू यांकडे लक्ष ठेवतो. थंडीपासून बचावासाठी कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. खोल पाण्यात अंधार असतो, म्हणून दात असलेले देवमासे व डॉल्फिन आवाज काढतात व त्याचा प्रतिध्वनी ऐकून वाट आणि भक्ष्य शोधतात. पाण्यात आवाज हवेपेक्षा चारपटीहून अधिक वेगाने जातो.

निळा देवमासा हा पृथ्वीवरील सर्वात मोठा प्राणी. त्याची लांबी तीस मीटरपर्यंत भरते. पण तो जगतो कोळंबीसारख्या इवल्याशा जीवांवर. त्याचे पिल्लू जन्मतःच सुमारे सात मीटर लांब असते. आईचे घट्ट, स्निग्ध दूध पिऊन ते दिवसाला सुमारे नव्वद किलोने वाढते. सहा-सात महिने ते आईला सोडत नाही. आई दुरावली तर पिल्लाचे जगणे कठीण.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. पाण्यात देवमाशाचे वजन पाणी पेलते. वाळूवर तेच वजन त्याच्या फुप्फुसांवर व इतर अवयवांवर येते आणि श्वास कोंडतो. ज्या चरबीने थंडीत तारले, तीच उन्हात त्याला आतून भाजते.

माणसाची हाव

या प्राण्याला खरा धोका माणसाकडून झाला. दिव्याच्या व यंत्राच्या तेलासाठी लाखो देवमासे मारले गेले. आपल्या अरबी समुद्रातील कुबड देवमासे इतरांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, बारा महिने येथेच राहतात. १९६५-६६ च्या सुमारास सोव्हिएत जहाजांनी नियम मोडून त्यातील दोनशे चाळीसच्या आसपास मारले. ती संख्या अजून भरून आलेली नाही. व्यापारी शिकारीवरील आंतरराष्ट्रीय बंदी १९८६ पासून लागू झाली. काही देशांनी मात्र ती पाळली नाही. आज मासेमारीच्या जाळ्यात अडकून मरणारे डॉल्फिन व देवमासे पुष्कळ आहेत. म्हणूनच जाळे कापून अशा संरक्षित प्राण्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला नुकसानभरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ साली आणली.

आता तरुणांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. 'देवमाशाची उलटी' कोट्यवधींना विकली जाते, असे सांगून गरीब घरच्या पोरांना जाळ्यात ओढले जाते. हा पदार्थ स्पर्म देवमाशाच्या आतड्यात तयार होतो व अत्तराच्या धंद्यात वापरला जातो. आपल्या देशात तो बाळगणे वा विकणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. माल पोचवणारा पोरगा तुरुंगात जातो आणि त्याच्या आईवडिलांचे उरलेले आयुष्य कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात जाते. किनाऱ्यावर असे काही सापडले तर हात न लावता वन खात्याला कळवावे.

किनाऱ्यावर जिवंत देवमासा वा डॉल्फिन दिसला तरी हेच करावे. शेपटी धरून ओढू नये. अंगावर ओले कापड टाकावे, पण डोक्यावरचे श्वासाचे छिद्र उघडे ठेवावे आणि त्यात पाणी जाऊ देऊ नये. नारळ फोडून, हळदकुंकू वाहून त्याचा जीव वाचत नाही. गर्दी दूर ठेवली, सावली केली, वेळेवर निरोप दिला, तर वाचण्याची आशा असते.

गणपतीपुळ्याचे ते पिल्लू वाचले नाही हे खरे. परंतु मुक्या जीवासाठी दोन दिवस पाण्यात उभे राहणारी माणसे तेथे होती, हेही तितकेच खरे. पुढच्या वेळी असे पिल्लू आले तर काय करावे, हे आता आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असू द्या.